न धुतलेलं कापड

मे महिन्यात कॉलेजातल्या आमच्या फिलिपिनो मंडळाची निवडणूक व्हायची, तेव्हा शेवटचं पद येईपर्यंत निम्मी मुलं उठून गेलेली असत. अध्यक्षपदाला तिघंचौघं उभे राहत. नृत्यप्रमुख व्हायला तर रुसवेफुगवे होत, कारण वार्षिक कार्यक्रमात बांबूंमध्ये कोण नाचणार आणि खाली बसून बांबू कोण आपटणार हे त्या एका माणसाच्या हातात. यादी तळाशी आली की आमचा अध्यक्ष आर्विन घसा साफ करायचा आणि विचारायचा, "इतिहासकार?" उरलेले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागायचे.

"मान नाही, मानधन नाही," आर्विन म्हणायचा, "आणि फोटोत कोणाचं अर्धं डोकं कापलं गेलं तर वर्षभर शिव्या. आहे कोणी?"

मागच्या रांगेतून एक हात वर व्हायचा. बस थांबवायला करावा तसा, सवयीने.

"परत तू, वेंग?"

"परत मी."

"अगं, लग्न लागल्यासारखी चिकटलीस या पदाला."

"नवऱ्यापेक्षा बरं. घोरत नाही."

ही रोवेना दुमलाव. घरी वेंग, आम्हा धाकट्यांना मानांग वेंग. आमच्यात थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, थोरल्या भावाला मानोंग, आणि धाकट्या भावंडाला, मुलगा असो की मुलगी, आदिंग. मंडळात ही नाती रक्ताची नसतात, पण रक्ताच्या नात्यापेक्षा जास्त भांडणं यांच्यावरून होतात. माझं तिच्याशी नातं असंच जोडलेलं. मी तिची आदिंग. पुढचं सगळं याच एका गोष्टीवरून झालं.

रोवेना बुटकी होती, मनगटं रुंद. केस पावाच्या पाकिटाच्या रबराने बांधायची. स्टॉकटनमध्ये तिच्या मावशीची, तीता मेर्सीची, बेकरी होती. तिथे आठवड्यातल्या चार सकाळी काम करायची, म्हणून चार वर्षांची पदवी तिला पाच वर्षं पुरली. अंगाला कायम यीस्टचा वास. वर्गात तिच्या शेजारी बसलं की न्याहारी झाली नसेल तर भूक खवळायची.

बारा वर्षांची असताना ती मायदेशातल्या लावागजवळच्या गावातून इथे आली. आई सहा वर्षं आधी आलेली, एका म्हातारीची देखभाल करायला. त्या सहा वर्षांत आईने खोकी भरभरून पाठवली, पण प्रत्येक खोक्यातले बूट रोवेनाला घट्ट व्हायचे. विमानतळावर आईने पहिल्यांदा तिच्या पायांकडे बघितलं. "आईला माझ्या पायाचं माप माहीत नव्हतं," रोवेनाने एकदा मला सांगितलं, "आणि म्हातारीच्या अकरा गोळ्या पाठ. कोणती दुधाबरोबर, कोणती जेवल्यावर. नेरी, मी शहाऐंशी वर्षांच्या बाईवर जळायचे. तिच्या तोंडात एक दात नव्हता, तरी जळायचे." सांगताना हसली, आणि हातातल्या पिठाच्या गोळ्यावर जोरात थाप मारली.

इतिहासकाराचं काम तसं फोटो काढायचं, सहलींचे, कार्यक्रमांचे, लुम्पियाच्या गुंडाळ्या तळताना हात भाजून घेणाऱ्यांचे. ते फोटो वहीत चिकटवायचे. पण खरं काम वेगळं होतं. आमच्याकडे एक कापड होतं.

पन्नासेक वर्षांपूर्वी मंडळ काढणाऱ्या मुलांनी पिठाच्या रिकाम्या पिशव्या उसवून एकीला एक जोडल्या आणि त्यावर आपली अकरा नावं लाल दोऱ्याने भरली. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एकेक आदिंग घेतली, तिचं नाव त्याच्या नावाखाली, मध्ये दोऱ्याची एक रेघ. तेव्हापासून तसंच चालू आहे. आता ते कापड उलगडलं तर दालनाची एक भिंत व्यापतं. कडेला पिठाच्या कंपनीची निळी अक्षरं अजून पुसट दिसतात. एका ठिकाणी जांभळ्या कंदाच्या हलव्याचा डाग आहे, एका ठिकाणी सोया सॉसचा, आणि त्या दोन डागांच्या मध्ये शंभरेक माणसं.

नियम दोन. एकदा घातलेलं नाव काढायचं नाही, माणूस कॉलेज सोडून गेलं, भांडून गेलं, मेलं, तरी नाही. आणि कापड धुवायचं नाही.

"का नाही धुवायचं?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"धुतलं की सुईची भोकं मिटतात, डाग जातात," रोवेना म्हणाली. "कापड सगळं विसरतं. मग आपण कशाला आहोत?"

'आपण' म्हणाली ती. मी तो शब्द घरी नेला आणि जपून ठेवला.

सप्टेंबरात दोरा धरायचा दिवस असतो. प्रत्येक थोरली आपल्या नव्या आदिंगसाठी लाल दोऱ्याची वाट आखते, खुर्च्यांना, खांबांना, दाराच्या मुठींना वळसे देत. नव्या मुलीच्या हातात एक टोक देतात. गुंडाळत गुंडाळत ती दुसऱ्या टोकाशी पोचते, तिथे तिची मानांग बसलेली असते. माझा दोरा तीन खुर्च्यांना वळसा घालून दाराशीच संपला. तिथे रोवेना मांडीवर पावाची पिशवी घेऊन बसली होती.

"लवकर आलीस," ती म्हणाली. "बरं झालं. पाव अजून गरम आहेत."

इतका आखूड दोरा म्हणजे तिला मी लवकर हवी होते, असा मी त्याचा अर्थ लावला. वर्षभर तो अर्थ मला पुरला.

ते वर्ष चांगलं गेलं. शनिवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीत आम्ही कापड उलगडून बसायचो. बिस्किटांचा निळा डबा, ज्यात आमच्याकडे कधीच कोणाला बिस्किटं सापडत नाहीत, त्यात सुया, लाल रिळं, बोथट झालेली कात्री. मी रिळं लावायची, दोरा कापून द्यायची, नावं यादीशी ताडून बघायची. सुई मात्र मिळायची नाही.

"मानांग, मी घालू का एक?"

"अजून नाही."

"का पण?"

"तुझा हात जड आहे."

"तू माझा टाका बघितलाच नाहीस."

"दोरा कापताना बघते ना. तू कापत नाहीस, तोडतेस."

मी वाट बघायची ठरवली. हे पद, हा डबा, हे कापड माझ्याकडे यावं एवढंच मला हवं होतं. कोणाला हसू येईल, ज्या पदासाठी सगळे बुटांकडे बघत त्यासाठी मी रात्रंदिवस झुरत होते. पण माझं नाव तिच्या नावाखाली होतं, मध्ये दुसरं कोणी नव्हतं. मला वाटायचं, रेघ सरळ खाली येते तसा डबाही येईल.

त्या खोलीत एकच जागा मला मना होती. रोवेनाच्या नावाच्या उजवीकडे कापडाला एक चुणी घालून दोन पिना टोचल्या होत्या. "तिथे विरलंय," ती म्हणायची, "ओढू नकोस." मी ओढायची नाही.

एकदा तीता मेर्सी ट्रे न्यायला आत आली, कापडावर वाकली. रोवेनाची स्वतःची मानांग होती दिविना, तिच्या आधीची इतिहासकार. तीताने तिच्या नावावर बोट ठेवलं. "दिविनाच्या दोन आदिंग होत्या ना गं? एक आमचं हे ध्यान, आणि दुसरी ती लूर्देस. काय गायची पोरगी. ती आली की ही आमची वेंग भट्टीसारखी तापायची. एकदा तर मीठ घालायचं विसरली, दोनशे पाव फेकले मी."

"तीता, ट्रे," रोवेना म्हणाली.

"बघ, अजून तापते."

दुसऱ्या वर्षी नवी मुलं फार आली. थोरले कमी पडले, म्हणून आर्विनने काहींना दुसरी आदिंग घ्यायला सांगितलं. रोवेना हो म्हणाली. मला ते दोरा धरायच्या दिवशी कळलं, दालनात शिरल्यावर.

तिच्या नव्या आदिंगचा, जोवीचा, दोरा दाराच्या मुठीपासून निघाला. तिथून पियानोच्या तिन्ही पायांना, मग खांबाला, झेंड्याच्या काठीला, खिडकीतून बाहेर, दुसऱ्या खिडकीतून आत, व्यासपीठाच्या पायऱ्यांवरून वर आणि पडद्यामागे. जोवी हसत हसत गुंडाळत होती, तिच्या हातात लाल चेंडू वाढत होता. सगळे तिच्यामागे चालले होते. मीही चालले. दर वळशाला मी मोजत होते. एकोणीस.

"नेरी," आर्विन माझ्या कानाशी म्हणाला, "घरात पाळणा हलला म्हणे तुमच्या."

"हलू दे."

"आता तू थोरली. शेंबूड पुसायला शीक."

पडद्यामागे रोवेना बसली होती. मांडीवर पावाची पिशवी. एवढा वेळ गेल्यावर पाव गार झाले असणार, एवढंच मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

जोवी, म्हणजे जोविलिन, लुंबानची. त्या गावात घराघरात भरतकाम चालतं. तिची आजी लग्नातल्या सदऱ्यांच्या छातीवर अननसाच्या धाग्याच्या कापडात पांढऱ्यावर पांढरी फुलं भरायची, आणि जोवी पाचव्या वर्षापासून आजीच्या सुईत दोरा ओवायची. हे तिने फुशारकीने सांगितलं नाही. रोवेनाने विचारलं म्हणून सांगितलं. दुसऱ्याच शनिवारी रोवेनाने तिच्या हातात सुई दिली.

मी दोरा कापत होते. तोडत होते म्हणा.

"बघ नेरी," रोवेना म्हणाली, "उलटी टीप घालते, पण मागची बाजू बघ. गाठच दिसत नाही."

"छान."

"मला नाही असं येत."

"मलाही येईल, शिकवलंस तर."

जोवीने वर बघितलं. "मी शिकवते ना, मानांग नेरी."

मला कोणी मानांग म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती जोवीने वाया घालवली. मी म्हटलं, "नको, माझा हात जड आहे." दोघी हसल्या. एकाच वेळी हसल्या, हे मी लक्षात ठेवलं.

त्या वर्षी मी अशा पुष्कळ गोष्टी लक्षात ठेवल्या. जोवीसाठी रोवेना नारळाच्या सारणाचे पाव आणायची, मला साधे आवडतात असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. जोवीला ती 'अगं' म्हणायची, मला नावाने हाक मारायची. जोवीचं नाव कापडावर स्वतः रोवेनाने भरलं, माझ्या नावाशेजारी. खोलीत कोणी नसताना मी अंगठा लावून मोजलं. माझं अक्षर माझ्या नखाएवढं होतं. तिचं नखापेक्षा किंचित मोठं. मग मला वाटलं माझं नख वाढलं असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी नख कापून परत मोजलं.

एप्रिलमध्ये मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. रविवारी फिलिपिनो समाजाच्या दालनात सगळ्या जुन्या लोकांना जेवण, आणि कापड भिंतीवर टांगायचं. इतर वेळी फक्त खालचा भाग उघडायचे, नवी नावं घालण्यापुरता. सगळं कापड पाच वर्षांनी एकदा उघडं व्हायचं. कापडावरच्या प्रत्येक नावाला पत्र पाठवायचं काम रोवेनाचं. ते झाल्यावर मे महिन्यात ती पदवी घेऊन बाहेर पडणार होती. डबा कोणाला द्यायचा ते तिने सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. जोवीने विचारायचं तिच्या मनातही आलं नसावं, आणि मला त्याचाही राग यायचा.

शनिवारी रोवेना बेकरीत होती, चारशे पाव करायचे होते. तिने आम्हा दोघींना मंडळाच्या खोलीत बसवलं. "वरच्या कडेला पट्टी शिवा, काठी ओवायला. पिनांना हात लावू नका, मी येऊन बघते."

पट्टी जोवीने शिवली. मी काठी ओवून उचलून बघितली, तर खाली चुणी आडवी आली. कापड एका बाजूला ओढलं जात होतं. पिना काढल्याशिवाय ते सरळ लोंबणार नव्हतं, हे खरं. पण कारण नसतं तरी मी त्या काढल्या असत्या.

चुणी उघडली. कापड विरलेलं नव्हतं. उलट इतर कापडापेक्षा पांढरं होतं, उन्हाचा, हातांचा, डागांचा स्पर्श न झालेलं. त्यावर लाल काही नव्हतं. मी बोट फिरवलं तर खडबडीत लागलं. मी ती जागा खिडकीच्या काचेवर धरली. मागून दुपार आली, आणि बारीक बारीक भोकांमधून उजेडाची अक्षरं उभी राहिली. दिविनाच्या नावाखाली, रोवेनाच्या नावाशेजारी. लूर्देस.

मला समजायला क्षणही लागला नाही. सुई माझ्या हातात असती तर ती कोणत्या नावावर गेली असती हे मला वर्षभर माहीत होतं.

वाईट वाटायला हवं होतं. मला हलकं वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला, तो लपवण्यात अर्थ नाही. हे जोवीने बघायला हवं. ज्या बाईने हिच्यासाठी एकोणीस वळशांचा दोरा आखला, ती बाई काय आहे हे हिला कळू दे. हिचा चेहरा पडू दे. एकदा तो पडला की रोवेनाला तो दिसेल, आणि मग त्या दोघी एकाच वेळी हसणार नाहीत.

"जोवी, इकडे ये."

ती आली. काचेवर धरलेलं कापड बघून म्हणाली, "अरे, दोरा कुजला वाटतं."

"कुजला नाही. कुजला असता तर तुकडे राहिले असते. उसवलंय."

"कोणी?"

मी फक्त शेजारच्या नावावर बोट ठेवलं. रोवेना. लाल, नीट, इतकी वर्षं जागच्या जागी.

जोवी त्या नावाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. मग ती टेबलापाशी गेली, डबा उघडला, सुई उजेडात धरून दोरा ओवायला लागली.

"काय करतेस?"

"उद्या ती आली तर? लूर्देस."

"तिला पत्रच गेलं नसेल."

"तरी कोणी आणली तर?" तिने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. "मानांग वेंग कुठे उभी राहील गं मग?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता.

"तू धर ना कापड," ती म्हणाली. "ताणून. नव्या जागी टोचायचं नाही, जुन्या भोकांतूनच जायचं."

मी धरलं. दुसरं काय करणार होते. सुई एका भोकातून खाली जायची, पुढच्यातून वर यायची, आधी कधी तरी याच वाटेने गेलेली असल्यासारखी. रोमन लिपीतली सात अक्षरं भरायला तासभर लागला. मध्ये एकदा ती म्हणाली, "तुला दिसलं म्हणून बरं झालं. मी तर नुसती शिवत बसले असते." तिने ते मनापासून म्हटलं. माझे हात दुखायला लागले होते.

रोवेना संध्याकाळी आली तेव्हा आम्ही कापड गुंडाळून ठेवलं होतं. चुणी परत घालून पिना मीच टोचल्या होत्या.

"पिना?" तिने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

रविवारी सकाळी कापड टांगलं ते आर्विनने, शिडीवर चढून. वाकडं लोंबतंय म्हणून त्याने पिना काढून खिशात टाकल्या. रोवेना पावांच्या ट्रे घेऊन पोचली तेव्हा दालन भरलं होतं. पन्सितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, परातींवरून वाफ निघत होती, म्हातारे तिथल्या तिथे पत्ते मांडून बसले होते, आणि भिंतीपाशी लोक आपापली नावं शोधत होते. "मी इथे, आणि हा माझा मानोंग, आणि हा गाढव त्याचा." पाठ फिरवून फोटो, परत शोध.

तिने दारातूनच भिंतीकडे बघितलं. इतक्या लांबून नावं वाचता येत नाहीत, पण चुणी नाही एवढं दिसतं. ट्रे हातातच ठेवून ती गर्दीतून सरळ कापडापाशी गेली आणि पाठ लावून उभी राहिली, दिविनाच्या नावाखाली. नेमकी तिथेच.

"वेंग, ट्रे ठेव की," कोणी तरी म्हणालं.

"ठेवते."

ठेवले नाहीत. आणि तेवढ्यात दिविना आली, बरोबर एक उंच बाई. मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण रोवेनाच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"हिला पत्र नाही गं आलं, वेंग," दिविना म्हणाली. "पत्ता बदलला ना हिचा, रीनोला असते आता. मीच ओढून आणली."

"बरं केलंस," रोवेना म्हणाली.

"माझं नाव असेल का पण?" लूर्देस म्हणाली. आवाज खरंच गोड होता. "एकच सत्र तर होते मी."

"असणारच. मी स्वतः घातलंय. नाव काढत नसतात इथे." दिविनाने रोवेनाच्या दंडाला हात लावला. "सरक ना जरा. अगं, सरक. भिंत काय पडतेय?"

रोवेना हलली नाही. ट्रेमधले पाव थोडे घसरले. मी चार पावलांवर होते. मला वाटतं, मी एक शब्द बोलले असते तरी तिची सुटका झाली असती, म्हणजे मी नुसतं मान हलवून सांगितलं असतं की सरक, काही होत नाही. मला बघायचं होतं. त्या क्षणी, सगळं भरून झाल्यावरही, मला बघायचं होतं.

मग ती सरकली. डोळे मिटून नाही, पण जमिनीकडे बघत.

"हे काय," लूर्देस म्हणाली. "आहे की."

रोवेनाने वळून बघितलं. तिच्या नावाशेजारी लूर्देसचं नाव होतं, बाकीच्या सगळ्या नावांपेक्षा लाल. लूर्देसने त्यावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, हळू.

"दोरा नवा दिसतो," दिविना म्हणाली.

"जुना विरला होता, मानांग," जोवी मागून म्हणाली, हातात कागदी बशा घेऊन. "काल भरून घेतला. पन्सित संपत आलंय हां, नंतर म्हणू नका."

रोवेना ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती नळाखाली हात धुत होती, हाताला काही लागलेलं नसताना.

"पिना कोणी काढल्या?"

"आज आर्विनने. काल मी."

"नाव?"

"जोवीने भरलं."

"तू तिला का दाखवलंस?"

पाणी वाहत होतं. खोटं शोधायला तेवढा वेळ पुरेसा होता, आणि ते सोपंही होतं. नाव परत भरून घ्यायला दाखवलं, हे उत्तर जोवीने माझ्यासाठी आयतं तयार करून ठेवलं होतं.

"तिच्या मनातून तू उतरावीस म्हणून."

ती रागावली नाही. नळ बंद केला. "मग? उतरले?"

"नाही."

"मलाही नाही जमलं," ती म्हणाली. "दिविनाच्या मनातून लूर्देसला उतरवायला. ही कॉलेज सोडून गेली, डबा माझ्याकडे आला, त्याच आठवड्यात बसून उसवलं मी. अर्धा तास लागला. वाटलं, गेलीच आहे, कोणाला काय कळतंय. दिविना मात्र दर फोनवर तिचंच विचारायची." तिने हात पुसले. "मग दर वर्षी सुई घेऊन बसायचे. हात पुढे जायचा नाही. आणि दुसऱ्या कोणाला पद द्यावं तर तो ती चुणी उघडणार."

म्हणजे म्हणून तो हात दर मे महिन्यात वर व्हायचा.

"एकदा धुतलं असतंस तर भोकं मिटली असती," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? कापड धुवायचं नाही असा नियम आहे."

बाहेर कोणी तरी लूर्देसला गायचा आग्रह करत होतं. रोवेनाने तिथला एक रिकामा ट्रे पालथा घातला.

"डबा जोवीला देतेय," ती म्हणाली.

"हे आधीच ठरलं होतं?"

"आज ठरलं." मग म्हणाली, "जोवी टाका बघते, नेरी. तू नावं बघतेस. मीही नावंच बघायचे."

म्हणजे कालपर्यंत ठरलेलं नव्हतं. किंवा दुसरं काही ठरलं होतं. मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही, आणि ते न विचारलेलं माझ्याजवळ अजून तसंच आहे, पिना लावलेलं.

मे महिन्यात आर्विनने घसा साफ केला. "इतिहासकार?" सगळ्यांनी बुटांकडे बघितलं. मीही. जोवीने हात वर केला.

याला आता तीन वर्षं झाली. रोवेना एका कचेरीत जुन्या नोंदी लावायचं काम करते. जमिनी, लग्नं, जन्म. केस अजून पावाच्या रबरानेच बांधते. आईची म्हातारी कधीच गेली. आईच्या पायांना सूज असते, तर बूट आणायला रोवेनाच जाते, आणि माप विचारत नाही, एवढं तीता मेर्सीकडून कळलं. मी इथेच पुढे साहित्य शिकते. मलाही एक आदिंग आहे. तिचं नाव जोवीने भरलं, फार सुंदर, मागे गाठ नाही. मी अंगठा लावून बघितलं. नखाएवढंच आहे.

शनिवारी सकाळी मी बेकरीत जाते. बहुतेक वेळा रोवेना तिथे असते. कॉफी पिते, मावशीला टोमणे मारते. मी पाव घेऊन निघाले की दारापर्यंत येते आणि दर वेळी एकच विचारते, "कापड कसं आहे?"

"आहे तसं आहे," मी सांगते. "न धुतलेलं."

जोवीही तिथूनच पाव नेते, बुधवारी. तिच्याशी रोवेना भरभरून बोलते, हसते, नारळाचे पाव जास्तीचे घालते. पण कापडाचं तिला कधी विचारत नाही. मला विचारते.

हे मी जोवीला अजून सांगितलेलं नाही.